नवी पाती बसवूनही रायडिंग मोअर गवत सोडत असेल तर: स्पिंडलची तपासणी आणि दुरुस्ती

आपल्या प्रश्नाचा सारांश असा: शाळेच्या मैदानासाठी घेतलेला, 42 इंची डेकचा (पात्यांवरच्या पत्र्याच्या आवरणाचा) आणि दोन पात्यांचा पेट्रोल रायडिंग मोअर, म्हणजे बसून चालवायचे गवत कापणीयंत्र, गेल्या पावसाळ्यापासून नीट कापत नाही. दोन पात्यांच्या मधोमध बोटभर रुंदीची गवताची पट्टी उभी राहते, डाव्या बाजूचे गवत उजवीपेक्षा खाली कापले जाते आणि डेक चालू केला की घरघर ऐकू येते. आपण पात्यांना धार लावून पाहिली, मग नवी पाती घेतली, शेवटी बेल्टही बदलला, तरी फरक पडला नाही. आता अख्खा डेक बदलण्याचा सल्ला मिळाला आहे आणि तो मानावा का, हे आपण विचारले आहे.

डेक बदलण्याची घाई करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. आपण दिलेल्या तीन खुणांपैकी घरघर ही सर्वांत बोलकी आहे. ती पात्याची नसते आणि बेल्टचीही सहसा नसते. ती बहुधा स्पिंडलच्या बेअरिंगची असते. स्पिंडल म्हणजे पाते फिरवणारा शाफ्ट, त्याला तोलणारी दोन बेअरिंगे आणि ती ज्यात बसतात ते हाउसिंग, एवढा संच. कोल्हापुरात शाळा-महाविद्यालयांच्या मैदानांवरची आणि रिसॉर्टच्या लॉनवरची ही यंत्रे मी बरीच वर्षे दुरुस्त करतो. पाती आणि बेल्ट बदलूनही न सुधारलेला डेक माझ्याकडे येतो, तेव्हा दोष बहुतेक वेळा पात्याच्या वर, त्या हातभरही नसलेल्या गाभ्यात सापडतो. तो गाभा उघडून पाहण्याआधी मोठा खर्च करणे मला योग्य वाटत नाही.

मुळात ‘कापणी खराब’ या एका तक्रारीत दोन वेगळे दोष मिसळलेले असतात आणि ते आधी वेगळे करावे लागतात. कापलेल्या गवताची काडी हातात घेऊन तिचे टोक पाहावे. टोक चिंध्यांसारखे फाटलेले असेल आणि दुसऱ्या दिवशी मैदानावर तपकिरी झाक दिसत असेल, तर पात्याची धार गेली आहे किंवा पाते पुरेशा वेगाने फिरत नाही. टोक स्वच्छ कापलेले आहे, पण उंची एका जागी एक आणि दुसऱ्या जागी दुसरी आहे, असे असेल तर धारेचा काही संबंध नाही. पाते ज्या पातळीत फिरायला हवे त्या पातळीत फिरत नाही. आपण नवी पाती बसवली आहेत, त्यामुळे आपला दोष दुसऱ्या प्रकारचा असावा, असा माझा कयास आहे.

याचे गणित साधे आहे. 42 इंची डेकमधले पाते साधारण 21 इंचांचे, म्हणजे 53 सेंटिमीटरच्या आसपास लांब असते. ते मिनिटाला 3,000 फेऱ्यांनी फिरत असेल, तर टोकाचा वेग सेकंदाला सुमारे 84 मीटर, म्हणजे ताशी 300 किलोमीटरच्या घरात जातो. हे सगळे एका शाफ्टवर आणि दोन लहान बेअरिंगांवर तोललेले असते. दोन बेअरिंगांमधले अंतर 6-7 सेंटिमीटर धरले आणि त्यांत मिळून अर्ध्या मिलिमीटरचा प्ले (ढिलाई) आला, तर पात्याच्या टोकाला तो चौपट होऊन दोन मिलिमीटरच्या आसपास जातो. शिवाय झिजलेले बेअरिंग जड फिरते, त्यामुळे बेल्ट घसरतो आणि दाट गवतात त्या बाजूच्या पात्याचा वेग पडतो. दोन पात्यांची वर्तुळे मध्यभागी एकमेकांवर जेमतेम येतात. त्यांतले एक पाते डुलू लागले किंवा मंदावले की पहिली पट्टी तिथेच सुटते.

इथे एक गोष्ट परिस्थितीवर अवलंबून आहे आणि ती तपासणे फुकट आहे. पट्टी नेमकी कुठे राहते ते बघावे. ती पुढच्या चाकाच्या मागावर येत असेल तर चाकाने दाबलेले ओले गवत उठत नाही, एवढाच अर्थ निघतो. फक्त तीव्र वळणावर येत असेल तर तो दोषच नव्हे. दोन्ही स्पिंडल पुढेमागे बसवलेले असतात, त्यामुळे वळताना दोन वर्तुळांचा एकमेकांवर येणारा भाग कमी होतो. आणि इंजिन अर्ध्या थ्रॉटलवर ठेवून कापण्याची सवय असेल, तर आधी पूर्ण थ्रॉटलवर, हळू गिअरमध्ये, कोरड्या गवतावर एक फेरी मारून पाहावी. पेट्रोल वाचावे म्हणून चालक थ्रॉटल कमी ठेवतात. त्याने पात्याची गवत वर खेचणारी ओढ कमी होते आणि गवत उभे राहण्याऐवजी वाकून निसटते.

सरळ रेषेत, पूर्ण थ्रॉटलवर, कोरड्यात चालवूनही पट्टी मधोमधच राहिली, तर पुढचे वाचावे.

कामाला हात घालण्यापूर्वी किल्ली काढून खिशात ठेवावी, स्पार्क प्लगची वायर काढून बाजूला बांधावी आणि जाड हातमोजे घालावेत. यंत्र एका कुशीवर कलते करून खाली डोके घालण्याची पद्धत सर्रास दिसते, तिचा मी आग्रहाने विरोध करतो. पेट्रोल सांडते, इंजिनचे तेल एअर फिल्टरमध्ये शिरते आणि टेकू निसटला तर अपघात अटळ असतो. बहुतेक रायडिंग मोअरचा डेक चार-सहा पिना काढून बाजूने सरकवून बाहेर येतो. तो बाहेर काढावा. नुसती पाहणी करण्यापुरता पुढचा भाग उचलायचा असेल तर जॅकवर विसंबू नये, चेसिसखाली पक्के स्टँड द्यावेत.

स्पिंडल उघडण्याआधीच निदानाचा मोठा भाग उरकता येतो. पहिले मोजमाप डेक यंत्रावर असतानाच, सपाट फरशीवर करावे. पाती हाताने फिरवून त्यांची टोके पुढेमागे आणावीत आणि पुढच्या टोकाची फरशीपासूनची उंची मोजावी. मग तेच पाते अर्धी फेरी फिरवून दुसरे टोक त्याच जागी आणावे आणि पुन्हा मोजावे. या दोन मापांत तीन मिलिमीटरपेक्षा जास्त फरक आला, तर पाते तरी वाकलेले आहे किंवा शाफ्ट तरी. कोण वाकले आहे हे कळण्यासाठी पात्याच्या खाली आलेल्या टोकाला खडूने खूण करावी आणि ते पाते दुसऱ्या स्पिंडलवर चढवून पाहावे. फरक पात्याबरोबर गेला तर पाते दोषी, फरक जुन्या स्पिंडलवरच राहिला तर शाफ्ट. नवीन पाते आहे म्हणून ते सरळच असेल, असे गृहीत धरू नये.

याच मोजमापात तिसरी शक्यताही उघड होते. दोन्ही टोके एकाच जागी सारखी येतात, पण पाते आडवे केल्यावर डावीकडची उंची उजवीपेक्षा वेगळी येते, असे झाले तर अख्खा स्पिंडल कलला आहे किंवा डेकच तिरपा लटकला आहे. टायरमधली हवा आधी सारखी करावी. एका बाजूच्या टायरमध्ये हवा कमी असणे हे ‘डावीकडे खाली कापते’ या तक्रारीचे सर्वांत स्वस्त कारण आहे. हवा बरोबर असेल तर हाउसिंगचे बोल्ट आणि त्यांच्याभोवतीचा डेकचा पत्रा नीट बघावा. ओल्या गवताचा थर तिथे महिनोन्महिने चिकटून राहिला की पत्रा आतून गंजतो, बोल्टच्या भोकापासून केसासारखी चीर निघते आणि स्पिंडल त्या बाजूला झुकतो. अशा डेकमध्ये कितीही चांगली बेअरिंगे घातली तरी उपयोग होत नाही. आधी चीर थांबवून वरून जाड पत्र्याची तबकडी वेल्ड करावी लागते.

आता बेल्ट सैल करून पुलीवरून उतरवावा. पात्याची दोन्ही टोके धरून ते वरखाली आणि तिरपे हलवावे. हाताला ‘टक’ असा किंचित जरी ठोका लागला तरी बेअरिंग गेले आहे किंवा हाउसिंगचे भोक झिजले आहे. मग एका हाताची बोटे हाउसिंगवर टेकवून दुसऱ्या हाताने पुली सावकाश फिरवावी. चांगले बेअरिंग बोटांना काहीच सांगत नाही; गेलेले बेअरिंग बारीक वाळू दळल्यासारखे लागते. कानापेक्षा या बोटांवर मी जास्त विश्वास ठेवतो, कारण डेकचा पत्रा आवाज इकडून तिकडे नेतो आणि डाव्या स्पिंडलची घरघर उजवीकडून आल्याचा भास होतो.

स्पिंडल उघडताना पात्याखाली लाकडी ठोकळा अडकवून पात्याचा बोल्ट सोडवावा, नंतर वरचा पुलीचा नट. आटे डावे आहेत की उजवे, हे मॅन्युअलमध्ये पाहून घ्यावे. पुली निघाल्यावर हाउसिंगचे बोल्ट सोडवून अख्खा स्पिंडल बाकावर घ्यावा. शाफ्ट बाहेर काढताना नट पुन्हा दोन-तीन आटे चढवून त्यावर पितळी किंवा अॅल्युमिनियमच्या दांड्याने ठोकावे, म्हणजे शाफ्टचे आटे चेपत नाहीत.

आत काय दिसेल, ते आधीच सांगतो. खालचे बेअरिंग, म्हणजे पात्याकडचे, जवळजवळ नेहमी आधी गेलेले असते. पाते आणि बेअरिंग यांच्या फटीत गवताचे तंतू दोरीसारखे पिळून बसलेले असतात. शाळेच्या मैदानावर त्यात पतंगाचा मांजा आणि मंडपाची सुतळी हमखास सापडते. मांजा हा रबरी सीलचा वैरी आहे. तो सीलची कड कातरतो, त्या वाटेने पाणी शिरते आणि ग्रीसचा तपकिरी, खरखरीत लगदा होतो. तो लगदा बोटांत चोळून बघावा. खर लागली तर गंज आणि माती आत गेली आहे, आणि अशा बेअरिंगला धुऊन पुन्हा ग्रीस भरण्यात काही अर्थ नाही. आपण लिहिले आहे की प्रत्येक कापणीनंतर डेक प्रेशर वॉशरने धुतला जातो. माझ्या मते आपल्या दोषाचे मूळ तिथेच आहे. डेकखालचे गवत लाकडी उलथन्याने खरवडावे. पाणी मारायचेच असेल तर साध्या पाइपने आणि स्पिंडल टाळून मारावे.

बेअरिंग बदलताना दोन्ही एकदम बदलावीत. नवे घेताना जुन्यावरचा नंबर अक्षरश: उतरवून न्यावा, कारण इथे फसगत होते. 6203, 6204, 6205 हे नंबर आपल्या बाजारात सहज मिळतात. त्यांची आतली भोके अनुक्रमे 17, 20 आणि 25 मिलिमीटर असतात. पण अमेरिकी बनावटीच्या काही मोअरमध्ये बाहेरून 6203 च्याच मापाचे, आतून मात्र 5/8 इंचाचे, म्हणजे 15.875 मिलिमीटरचे बेअरिंग असते. त्याच्या जागी साधे 6203 दिले तर ते हाउसिंगमध्ये चपखल बसते आणि शाफ्टवर मिलिमीटरभर सैल राहते. शाफ्टचे माप व्हर्निअरने (बारीक मोजपट्टीने) घेतल्याशिवाय बेअरिंग विकत घेऊ नये. सील रबरी, म्हणजे 2आरएस प्रकारचे घ्यावे. नुसत्या पत्र्याच्या झाकणाचे झेडझेड प्रकारचे बेअरिंग धूळ आणि पाणी पुरेसे अडवत नाही. बेअरिंगांच्या बाजारात बनावट मालही फिरतो, म्हणून किमतीत थोडा फरक पडला तरी अधिकृत विक्रेत्याकडून, बंद खोक्यातले घ्यावे.

यानंतरचा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण घाईत केलेली दुरुस्ती इथेच फसते. हाउसिंगचे भोक पुसून कोरडे करावे आणि नवे बेअरिंग हाताने आत घालून पाहावे. ते दाबल्याशिवाय जाता कामा नये. नुसत्या बोटाने खाली गेले आणि आत फिरू लागले, तर भोक झिजले आहे. आतल्या बाजूला घासून आलेली आरशासारखी चकाकी त्याची साक्ष देते. अशा वेळी पंच मारून भोकाच्या कडेला उंचवटे काढण्याचा उपाय पुष्कळ गॅरेजांत केला जातो. तो कृपया करू देऊ नये. बेअरिंग त्या चार-सहा टोकांवर तरंगते, मध्यापासून सरकते आणि काही आठवड्यांत हाउसिंगचे अॅल्युमिनियम पुन्हा चेपून ढिलाई परत येते. झीज अगदी किरकोळ असेल तर बेअरिंग घट्ट धरणारे रासायनिक द्रव्य लावून हंगाम निभावता येतो. त्याहून जास्त असेल तर नवे हाउसिंग घ्यावे किंवा भोक मोठे करून त्यात बुश, म्हणजे धातूची नळीसारखी कडी, बसवून घ्यावा.

या बाबतीत कोल्हापूरकर भाग्यवान आहेत. ऑइल इंजिनांच्या आणि फाउंड्रीच्या धंद्यावर उभ्या राहिलेल्या आपल्या उद्यमनगरात शतांश मिलिमीटरमध्ये काम करणारे टर्नर, म्हणजे लेथवरचे कारागीर, गल्लोगल्ली आहेत. मात्र त्यांच्याकडे नुसते हाउसिंग पाठवू नये. नवी बेअरिंगे आणि शाफ्ट बरोबर द्यावा, आणि वरचे व खालचे अशी दोन्ही भोके एकाच सेटिंगमध्ये, म्हणजे हाउसिंग एकदाच पकडून, बोअर करून हवीत, हे आवर्जून सांगावे. हाउसिंग उलटे पकडून दुसरे भोक केले तर दोन्ही भोकांचा मध्य जुळेलच असे नाही, आणि मग शाफ्ट कायम ताणाखाली फिरतो. शाफ्टही त्याच वेळी दोन सेंटरमध्ये धरून डायल (बाक मोजणारे घड्याळी माप) लावून तपासून घ्यावा. वाकलेला शाफ्ट ठोकून सरळ करण्यापेक्षा बदललेला बरा.

बेअरिंग बसवताना बळ कुठून जाते, याचे भान ठेवावे. हाउसिंगमध्ये घालताना बाहेरच्या रिंगवरच दाब द्यावा, शाफ्ट घालताना आतल्या रिंगला आधार द्यावा. उलट केले तर सगळा दाब बेअरिंगच्या गोळ्यांमधून जातो, रिंगच्या चाकोरीत बारीक खळगे पडतात आणि बेअरिंग पहिल्या दिवसापासून गुणगुणते. योग्य मापाचे सॉकेट आणि बाकावरचा व्हाइस एवढ्यावर काम होते. अॅल्युमिनियमचे हाउसिंग ओव्हनमध्ये किंवा हॉट एअर गनने शंभर अंशांपर्यंत तापवले तर काम आणखी सोपे होते: 47 मिलिमीटरचे भोक तापमान 80 अंशांनी वाढल्यावर सुमारे 0.08 मिलिमीटरने फुगते आणि बेअरिंग जवळजवळ हाताने आत उतरते. गॅसची ज्योत मात्र लावू नये.

दोन बेअरिंगांच्या मध्ये एक नळीसारखा स्पेसर असतो. तो साधा दिसतो, म्हणून कधी हरवतो, कधी घाईत आत घालायचाच राहतो. वरचा नट आवळल्यावर पुली, वरच्या बेअरिंगची आतली रिंग, स्पेसर, खालची आतली रिंग आणि शाफ्टचा खांदा हे सगळे एकमेकांवर दाबून एकजीव होतात आणि सगळा ताण स्पेसर झेलतो. स्पेसर नसेल किंवा झिजून आखूड झाला असेल, तर तोच ताण गोळ्यांवर आडवा येतो. नट जितका आवळाल तितका शाफ्ट जड फिरतो, हे त्याचे लक्षण आहे. मग मेकॅनिक नट थोडा सैल ठेवतो आणि दोन दिवसांत पुली शाफ्टवर खेळू लागते. ‘गेल्याच महिन्यात बेअरिंग टाकले होते, पुन्हा गेले’ अशी तक्रार घेऊन यंत्र आले की मी सर्वप्रथम स्पेसर शोधतो. नवा करून घ्यायचा असेल तर मूळ लांबीचा आणि दोन्ही तोंडे समांतर असलेला लेथवर करून घ्यावा. कानशीने घासू नये.

ग्रीसबद्दल एकच उत्तर सर्व यंत्रांना लागू होत नाही. हाउसिंगला ग्रीस निपल (ग्रीस भरण्याची तोटी) नसेल तर दोन्ही बाजूंनी सील असलेली बेअरिंगे तशीच बसवावीत. निपल असेल तर बेअरिंगचे आतल्या बाजूचे सील टोकदार सळईने अलगद उचलून काढावे, नाही तर वर्षभर भरलेले ग्रीस मधल्या पोकळीतच राहते आणि गोळ्यांपर्यंत पोहोचत नाही. लिथियम ग्रीस, क्रमांक 2, पुरेसे आहे. हातातल्या ग्रीस गनचाही दाब प्रचंड असतो. हाताला रोध जाणवला की थांबावे, नाही तर बाहेरचे सील उसळून निघते आणि इतका वेळ केलेली मेहनत वाया जाते.

जोडणी झाल्यावर नट आणि पात्याचा बोल्ट मॅन्युअलमध्ये दिलेल्या टॉर्कवर, म्हणजे तेवढ्याच मोजून दिलेल्या जोराने, आवळावा. अंदाजाने नाही, कारण हा बोल्ट सुटला तर पाते गोळीसारखे बाहेर जाऊ शकते. मैदान शाळेचे आहे, म्हणून हे पुन्हा सांगतो. डेक चढवून, हवा सारखी करून, पात्यांच्या टोकांची मापे पुन्हा घ्यावीत. डाव्या-उजव्या बाजूंत तीन मिलिमीटरहून जास्त फरक नको आणि पुढचे टोक मागच्यापेक्षा तीन ते सहा मिलिमीटर खाली असावे. आपल्या मॉडेलच्या मॅन्युअलमध्ये वेगळा आकडा दिला असेल तर तोच पाळावा. मुले मैदानावर नसताना पाच मिनिटे पूर्ण थ्रॉटलवर डेक चालवावा, इंजिन बंद करून किल्ली काढावी आणि पाती थांबल्यावर दोन्ही हाउसिंगना हात लावून बघावा. दोन्ही सारखी कोमट हवीत. एक चटका देत असेल तर त्या बाजूचा स्पेसर किंवा बेअरिंगची बैठक चुकली आहे, आणि ते उघडून पाहण्यावाचून इलाज नाही.

डेक बदलण्याची वेळ खरोखर कधी येते, तर पत्रा स्पिंडलभोवती चाळणीसारखा झाला असेल आणि वेल्डिंग धरायला धातूच उरला नसेल तेव्हा. आपल्या वर्णनात तसे काही दिसत नाही. उलट, ज्या यंत्राचे सुटे भाग बाहेरून यायला वेळ लागतो, त्याचा एक तयार स्पिंडल संच मे महिन्यातच आणून ठेवावा, असे मी सुचवेन. जूनमध्ये पाऊस सुरू झाला की इथली हरळी आठवड्यात गुडघ्याकडे झेपावते, आणि तेव्हा मोअर बाकावर उघडा पडलेला परवडत नाही.

दोन्ही पात्यांच्या टोकांची वर सांगितलेली मापे, जुन्या बेअरिंगवरचा पूर्ण नंबर आणि शाफ्टचा व्यास एवढे लिहून कळवलेत, तर हाउसिंग वाचेल की नवे घ्यावे लागेल, हे मी नेमके सांगू शकेन.